बाराशे अठ्ठ्याऐंशी की नऊशे चाळीस?

दोन शहरांमधलं अंतर ही भांडणाची गोष्ट असू शकते, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. माणसं गाडी लावायच्या जागेवरून भांडतात, जिन्यातल्या चपलांवरून भांडतात, टीव्हीच्या रिमोटवरून तर सख्खे भाऊ अबोला धरतात. पण आपल्या शहरापासून आत्याच्या शहरापर्यंत किती किलोमीटर, यात भांडण्यासारखं काय आहे? मी फोनला विचारलं, फोनने सांगितलं, आणि ते मी रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

"बाबा, फक्त नऊशे चाळीस किलोमीटर. विमानाने एक तास पंचावन्न मिनिटं."

बाबांनी कप बशीत ठेवला. "बाराशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले.

आता इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा रस्ते खात्यातून निवृत्त झाले. रस्त्याच्या कडेला जे किलोमीटरचे दगड असतात ना, वर पिवळा रंग, खाली पांढरा, ते मोजून मापून बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आम्ही लहानपणी सहलीला निघालो की बाकीच्यांचे वडील डोंगर दाखवायचे, आमचे दगड दाखवायचे. एखादा दगड वाकडा दिसला तर गाडी थांबायची. बाबा उतरायचे, दगडाला चारी बाजूंनी न्याहाळायचे, आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत. आमच्या शहराच्या वेशीवरच्या पहिल्या दगडावर आत्याच्या शहराचं नाव आहे आणि खाली आकडा आहे १२८८. तो दगड बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता.

"मधले तीनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर कोणी नेले?" बाबांनी विचारलं. असं विचारलं, की जणू मी ते खिशात घालून बसलो होतो.

खरं तर वेळ वाद घालण्याची नव्हतीच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यापासून एकटीच राहते. तिची मुलगी परदेशात असते, ती आता आत्याला कायमची तिकडे घेऊन चालली होती. घर विकलं होतं, महिनाअखेरीला विमान होतं. बहीणभाऊ चौदा वर्षांत भेटले नव्हते. दर रविवारी फोन व्हायचा, शेवटी आत्या विचारायची, "येऊन जातोस का रे?" आणि बाबा म्हणायचे, "बघतो ग. लांब आहे." आता "बघतो" म्हणायला रविवार उरलेच होते दोन. रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र लागते, आणि बाबांची कंबर एवढा वेळ ऐकणारी नाही. म्हणून मी विमान काढलं होतं. पुढच्याच्या पुढच्या शनिवारची दोन तिकिटं काढूनही झाली होती.

"ते सरळ रेषेतलं अंतर आहे, बाबा," मी समजावलं. समजावताना मी संत्रं घेतलं. पृथ्वी गोल आहे हे समजवायला आजवर ज्याने ज्याने संत्रं घेतलं असेल त्याला पुढे काय होतं हे माहीत आहे. मी पेनाने दोन ठिपके काढले, मधून रेघ ओढली. "हे विमान." मग शेजारून एक वाकडीतिकडी रेघ ओढली. "हा तुमचा रस्ता."

बाबांनी चष्मा पुसून संत्रं बघितलं. "विमान सालीवरून जातं का?"

"नाही, वरून जातं."

"किती वरून?"

"दहा-अकरा किलोमीटर."

"मग ते चढायचं आणि उतरायचं अंतर या नऊशे चाळीसात धरलंय का?"

खरोखरच मला माहीत नव्हतं. बायकोने मधेच येऊन संत्रं उचललं, सोललं आणि सगळ्यांना दोन दोन फोडी दिल्या. ती म्हणाली, "घ्या. मिटलं."

मिटलं कसलं! संध्याकाळपर्यंत बातमी वरच्या मजल्यावर गेली आणि विमानकाकू खाली आल्या. यांचा मुलगा दूर नोकरीला असल्यामुळे त्यांचा विमानप्रवास आमच्या इमारतीत सर्वांत जास्त. विमानात मिळालेले हात पुसायचे कागद त्या जपून ठेवतात आणि खास पाहुण्यांनाच देतात. मला वाटलं, चला, अनुभवी माणूस आला, बाबांना पटवेल.

"सरळ?" काकू हसल्या. "अहो भाऊ, विमान कधी सरळ जातं का! गेल्या खेपेला आमचं विमान वरच्या वर तीन चकरा मारत बसलं. खाली जागाच नव्हती."

बाबांचे डोळे चमकले. "त्या चकरा कोणाच्या हिशोबात?"

"कोणाच्याच नाही. आणि काका, ते एक पंचावन्नचंही काही खरं नाही हं. उडतं ते जेमतेम सव्वा तास. बाकीचा वेळ ते खाली रांगेत उभं असतं."

"म्हणजे अंतर खोटं आणि वेळही खोटी," बाबा समाधानाने म्हणाले. काकूंना त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. मला ते कधी देत नाहीत.

जाता जाता काकूंनी माझ्या कानात सल्ला दिला, की बाबांसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवा, रांग लागत नाही. मी मान डोलावली आणि लगेच फोनवरून ती सांगूनही टाकली. या सल्ल्याचं पुढे काय झालं ते सांगेनच. सांगायची इच्छा नाही, पण सांगेन.

दोन दिवसांत इमारतीत दोन तट पडले. खालच्या बाकावर बसणारे सगळे निवृत्त लोक रस्त्याच्या बाजूने. त्यांचे नेते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते आयुष्यात विमानात बसलेले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत अगदी स्वच्छ होतं. ते म्हणायचे, दारापासून दारापर्यंत मोजा. घरापासून विमानतळ, तिथे दोन तास आधी पोचायचं, मग विमान, मग सामानाची वाट, मग टॅक्सी. तरुण मंडळी आकाशाच्या बाजूने होती, पण ती कामावर जायची, त्यामुळे दिवसभर बाकावर रस्त्याचंच राज्य असायचं. मी ऑफिसला जाताना तिथून मान खाली घालून जाऊ लागलो. एकदा मागून ऐकूही आलं, "तोच. नऊशे चाळीसवाला."

बुधवारी बाबांनी अट घातली. "कंपनीकडून लेखी आण. कुठून कुठपर्यंत मोजलं, कसं मोजलं. मग यायचं का ते बघू."

लेखी आण! हे वाक्य माझं आहे हो. मी पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क आहे. खिडकीपलीकडे उभ्या राहिलेल्या हजारो माणसांना मी "लेखी आणा" म्हणून परत पाठवलेलं आहे. आजवर मला हे वाक्य साधं, सभ्य आणि उपयोगी वाटायचं. ते ऐकणाऱ्याला काय वाटतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून मी विमान कंपनीच्या कार्यालयात गेलो. बुटांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने चढून गेलं की काचेचं दार. आत थंडगार. भिंतीवर ढगांचे फोटो. टोकन घेऊन मी बसलो. माझ्या आधी एकच माणूस होता, तरी माझं टोकन चाळीस मिनिटांनी लागलं, तेव्हा मला त्या कार्यालयाबद्दल थोडी आपुलकीच वाटली.

"बोला सर," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"या दोन शहरांमधलं अंतर मला लेखी हवंय. शिक्क्यासह."

तिने तिकीट बघितलं, मला बघितलं. "अंतराबद्दल तक्रार आहे का, सर?"

"माझी नाही. वडिलांची."

"वाढवून हवंय की कमी करून?"

मी तिला सगळं सांगितलं. दगड, संत्रं, चकरा. तिने मनापासून ऐकून घेतलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, "हे बघा सर, मला यात तारीख बदलता येते, नाव दुरुस्त करता येतं, सीट बदलता येते, मार्ग बदलता येतो आणि तिकीट रद्द करता येतं. अंतराचं बटणच नाहीये."

आणि इथे माझा घात माझ्याच नोकरीने केला. आमच्याकडे एखादा अर्ज कुठल्याच सदरात बसला नाही, तर आम्ही तो सगळ्यांत जवळच्या सदरात ढकलतो. गळतीचं सदर नसेल तर दुर्गंधीत टाकतो. काम होतं, फाईल बंद होते. त्याच अनुभवाच्या सुरात मी तिला म्हणालो, "मग मार्गात टाका. मार्ग आला म्हणजे अंतर आलंच."

"नक्की ना, सर?"

"माझी सव्वीस वर्षं सर्व्हिस झाली आहे," मी म्हणालो. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बटण दाबलं.

कागद बाहेर आला. त्यावर अंतर होतं, शिक्का होता, सही होती. मी धन्य होऊन जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीवर तो वाचला. आमचं सरळ विमान गेलं होतं. आता आम्ही आधी भलत्याच दिशेच्या एका तिसऱ्या शहरात जाणार होतो, तिथे पाच तास बसणार होतो आणि मग दुसऱ्या विमानाने आत्याकडे. एकूण अंतर सतराशे तीस किलोमीटर. सकाळी साडेसातला निघून दुपारी साडेचारला पोच.

मी धावत वर गेलो. मुलीला खरंच वाईट वाटलं. "या तिकिटात बदल एकदाच करता येतो, सर," ती म्हणाली. "आणि तो तुम्ही केलात."

घरी पोचेपर्यंत मी तीन-चार खोटी कारणं जुळवत होतो. पण विमान कंपनीने बायकोच्या फोनवर आधीच निरोप पाठवला होता, आणि तो वाचून दाखवायला विमानकाकू हजर होत्या. "सतराशे!" काकू कपाळाला हात लावून बसल्या. "अहो भाऊ, एवढ्यात माझ्या दोन फेऱ्या होतात!"

बाबांनी हात पुढे केला. मी कागद दिला. ते भिंग घेऊन खिडकीशी गेले आणि सावकाश, ओळ न् ओळ वाचू लागले. मी मनातल्या मनात सगळी तयारी केली. ते म्हणतील, बाराशे अठ्ठ्याऐंशीचे नऊशे चाळीस केलेस, आता सतराशे तीस आणलेस, उद्या काय आणशील?

"सतराशे तीस," बाबा म्हणाले. मग भिंग खाली ठेवून, "हां. हे पटतं."

"काय?"

"सकाळी निघायचं, संध्याकाळपर्यंत पोचायचं. लांबचा प्रवास म्हणजे असाच असतो." आणि माळ्यावरची बॅग त्यांनी स्वतः काठीने ओढून खाली पाडली. माझ्या डोक्यावर पडली, पण तो भाग सोडून देऊ.

रात्रीची भांडी घासता घासता बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? तीनशे अठ्ठेचाळीस किलोमीटरचा हिशोब लागत नाही म्हणून चार दिवस अडून बसलेला माणूस सतराशे तीसला एका मिनिटात हो कसा म्हणाला?"

"शिक्का होता ना त्यावर."

"शिक्का कसला! त्यांना अंतर बरोबर नकोच आहे. त्यांना ते लांब हवंय."

मी तिला हसलो. माझ्या हसण्याकडे लक्ष देण्याची तिला सवय नाही. हात पुसून ती सरळ बाबांच्या खोलीत गेली, त्यांच्या पलंगावर बसली आणि विचारलं, "बाबा, काय झालंय?" मी दारात उभा राहिलो.

बाबा बराच वेळ बॅगेची चेन लावत आणि काढत होते. मग म्हणाले, "ताईचे हे गेले, तेव्हा तिचा फोन आला होता. मी म्हटलं, ताई, इतक्या लांबून लगेच कसा येऊ? ती म्हणाली, बरं. पुढच्या वर्षी ती पडली, पाय मोडला. तेव्हाही मी म्हटलं, लांब आहे ग. तेव्हाही ती बरं म्हणाली. चौदा वर्षं मी तिला लांब लांब सांगत आलो, आणि खरंच तसंच धरून चाललो होतो. आपला दगडच आहे ना तिथे बाराशे अठ्ठ्याऐंशीचा. आणि परवा हा चहा पिता पिता म्हणतो, एक तास पंचावन्न मिनिटं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "एवढ्या वेळात तर मी दुपारी झोपून उठतो. आता तिच्या दारात उभा राहून काय सांगू? ताई, दुपारच्या झोपेएवढ्या अंतरावर होतीस, पण जमलं नाही?"

मला फार वाईट वाटलं. चार दिवस मी त्यांना संत्रं दाखवत होतो, बाकावरच्या लोकांचे टोमणे ऐकत होतो, आणि हा म्हातारा माणूस घाबरलेला आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. विमानाला नव्हे, बहिणीला. बायकोने त्यांच्या हातातून बॅग घेतली. "लांबूनच जा, बाबा," ती म्हणाली. "काही घाई नाही."

ठरलेल्या शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. निरोप द्यायला विमानकाकू खाली आल्या होत्या, त्यांनी बाबांना हात पुसायचे दोन कागद दिले. मी या प्रवासासाठी नवे बूट घेतले होते, ते विमानतळाच्या दारापर्यंतच चावायला लागले.

पहिलं विमान बरं गेलं. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. "रस्ता दिसतोय," ते म्हणाले, "दगड दिसत नाहीत." तिसऱ्या शहरात उतरलो, तर दारात, पहिल्या विमानतळावर न आलेली ती चाकाची खुर्ची घेऊन एक दणकट माणूस हजर. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी रस्ते खात्यात होतो. मी चालणार."

"पण साहेब, खुर्ची रिकामी परत नेता येत नाही," तो माणूस म्हणाला. "कोणीतरी बसल्याची नोंद लागते."

तेवढ्यात माझं लंगडणं त्याच्या नजरेला पडलं. मी नाही नाही म्हणेपर्यंत त्याने मला खांद्याला धरून बसवलं. आणि मग त्या लांबलचक, चकचकीत दालनातून आमची वरात निघाली. एक्कावन्न वर्षांचा मी खुर्चीत, आणि शहात्तर वर्षांचे वडील शेजारून दोन बॅगा घेऊन ताठ चालताहेत. येणारेजाणारे हळहळत होते. एका बाईंनी बाबांना म्हटलं, "या वयात तुम्हाला मुलाचं करावं लागतं!" बाबा म्हणाले, "काय करणार. एकुलता एक आहे."

दुसरं विमान दोन तास उशिरा आलं. सगळे प्रवासी चिडले होते, एकटे बाबा खुशीत. शेजारी बसेल त्याला सांगत होते, "बहिणीकडे चाललोय. फार लांब राहते. सकाळी पाचला निघालोय." प्रत्येक तासाला त्यांचा चेहरा जास्त मोकळा होत होता. विमानात बसल्यावर ते पुटपुटू लागले. मी कान दिला. आत्याला सांगायचं वाक्य चाललं होतं: "ताई, फार लांब ग. चौदा तास लागले." मग पुन्हा, जरा जास्त थकल्या आवाजात.

आत्याच्या दाराशी टॅक्सी थांबली तेव्हा दिवे लागले होते. दार उघडंच होतं. आत सगळीकडे दोरीने बांधलेली खोकी, भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन, आणि मधोमध एका खुर्चीला धरून आत्या उभी. किती लहान झाली होती ती! माझ्या आठवणीतली आत्या दार भरून उभी राहायची.

"आलास, छोट्या?" ती म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं. "ताई, फार लांब..." एवढं म्हणाले आणि अडकले. दिवसभर घोकलेलं वाक्य पुढे येईना. हातातल्या बॅगा त्यांनी खाली ठेवल्या. "नाही ग. लांब नाही. सरळ विमान दोन तासांत येतं. रोज येतं. हा मला फिरवून घेऊन आला. मी चौदा वर्षं तुला..." आणि ते उभ्या उभ्या रडायला लागले.

आत्या खोक्यांमधून वाट काढत आली. त्यांचा हात धरून म्हणाली, "ठाऊक आहे रे मला. इकडूनही तेवढंच आहे."

मी बूट काढायच्या निमित्ताने खाली बसलो आणि काही वेळ खालीच बसून राहिलो.

मग आत्याने बाबांना खुर्चीत बसवलं, स्वतः एका खोक्यावर बसली. पाणी झालं, चहा झाला, कोण जास्त चुकलं यावर दोघांचं थोडं भांडणही झालं. त्यात आत्या हरायला तयार नव्हती. नाक पुसून झाल्यावर बाबांनी विचारलं, "तू जाणार ते किती लांब आहे ग?"

आत्याचा चेहरा उतरला. "फार लांब आहे, छोट्या. विमानात अकरा तास."

बाबांनी घड्याळात बघितलं. मनाशी काहीतरी हिशोब केला.

"अकरा?" ते म्हणाले. "मग आजच्यापेक्षा जवळच की."